कृमी, जाती आणि उपाधी

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याच्या जांब या गावी १६०८ साली ज्यांचा जन्म झाला, त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पंधराव्या दशकातील आठवा समास सूक्ष्म जीवांच्या निरूपणासाठी राखून ठेवला आहे, ही गोष्ट त्या ग्रंथाचे नित्य पारायण करणाऱ्यांपैकीही थोड्यांच्याच ध्यानात असते. धुळीच्या कणाहून बारीक असे किडे असतात, त्यांचे आयुष्य अत्यल्प असते आणि त्या आयुष्याच्या मानाने त्यांना युक्ती-बुद्धीही असते, असा त्या समासाच्या आरंभीचा आशय आहे. समर्थांच्या हयातीतच, १६७३ पासून, डेल्फ्ट येथील लेव्हेनहूक नावाचा कापडव्यापारी आपल्या हाताने घासलेल्या भिंगांतून दिसलेल्या गोष्टींचे वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवू लागला होता. परंतु एवढ्या योगायोगावरून आमच्या पूर्वजांना सर्व काही आधीच ठाऊक होते असा डिंडिम पिटणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची माझी इच्छा नाही. समर्थांनी भिंग हाती धरले नव्हते. त्यांनी अनुमान केले होते, आणि तेही अंतरात्म्याची व्याप्ती श्रोत्यांच्या मनावर ठसावी या सर्वस्वी निराळ्या प्रयोजनाने. मला त्या समासाचे अगत्य वाटते ते एका प्रश्नामुळे, जो तेथे विचारलेला नाही, पण तेथून पुढे चालू लागले की हटकून आडवा येतो: डोळ्यांना न दिसणारा जीव आहे असे म्हणणे अनुमानाने साधेल; परंतु तो अमुक जातीचा आहे असे म्हणण्यास कोणते प्रमाण पुरे पडते, आणि ती जाती त्या जीवात असते की पाहणाऱ्याच्या बुद्धीत?

हा प्रश्न आज जालन्यात केवळ पंडितसभेचा राहिलेला नाही. येथील मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि बदनापूर, अंबड, घनसावंगी या भागांतील कितीतरी कुटुंबांचा संसार त्या झाडावर उभा आहे. अशा बागेत काही झाडे उगाच मंदावतात. पाने पिवळी पडून विरळ होतात, फळ बारीक राहते, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, आणि बागाईतदार प्रथम पाण्याला, मग खताला आणि शेवटी रोपवाटिकेला दोष देतो. मुळे उकरून पाहिली तर ती मळकट दिसतात आणि धुतली तरी त्यांची माती सुटत नाही, कारण त्या मातीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ एका सूत्रकृमीच्या मादीने आपल्या अंड्यांभोवती स्रवलेला असतो. टायलेंक्युलस सेमिपेनेट्रान्स हे त्या कृमीचे शास्त्रीय नाव अमेरिकन कृमिशास्त्रज्ञ नाथन कॉब यांनी १९१३ साली ठेवले. भारतात त्याची नोंद १९६१ साली सिद्दिकी यांनी उत्तर प्रदेशातून केली. या मादीचे डोके आणि मान मुळाच्या सालीत खोल रुतलेली असते आणि उरलेले फुगीर शरीर बाहेर मातीत राहते. तिच्या नराला मूळ चाखण्याचीही गरज नसते, आणि पुष्कळदा मादीलाही संततीसाठी नराची गरज भासत नाही. द्राक्ष, डाळिंब, वांगी, टोमॅटो यांच्या मुळांवर गाठी आणणारा मेलॉयडोगायनी हा दुसरा कृमिगण याच्याही पुढे गेला आहे. त्याच्या सर्वांत उपद्रवी प्रकारांत नर जन्मला तरी प्रजोत्पादनात त्याचा काहीच वाटा नसतो.

ओळख पटविण्याची रीत तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा वाद तिच्यातच दडलेला आहे. झाडाच्या घेराखालची, तंतुमुळांलगतची माती काढून ती पाण्यात ढवळतात, एकाहून एक बारीक चाळण्यांतून गाळतात, आणि मग नरसाळ्यावर कापड ताणून त्यावर पसरतात. कृमी आपल्या हालचालीने पाण्यात उतरतात आणि नळीच्या तळाशी गोळा होतात. ही नरसाळ्याची युक्ती बेअरमान या वैद्याने जावा बेटावर काढली आणि १९१७ साली प्रसिद्ध केली. खाली उतरलेले जीव अर्ध्या मिलिमीटरच्या आगेमागे लांबीचे, पारदर्शक आणि दिसण्यात जवळजवळ सारखे. मग मोजणी सुरू होते: मुखातील पोकळ सुई किती लांब, तिच्या बुडाशी गोळे कसे, अन्ननलिकेचा फुगवटा कोठे, शेपूट निमुळते की बोथट. डी मान या डच प्राणिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात रूढ केलेली लांबी-रुंदीची गुणोत्तरे आजही प्रत्येक वर्णनात येतात. गाठीच्या कृमीत तर मादी मोत्यासारखी गोल होऊन बसते. तिच्या शरीराचा मागचा भाग कापून, लॅक्टिक आम्लात स्वच्छ करून, गुदद्वार आणि योनिमुखाभोवतीच्या त्वचेवरील रेषांचा आकृतिबंध पाहावा लागतो. चिटवुड यांनी १९४९ साली प्रामुख्याने याच रेषांच्या आधारे, तोवर एकच समजल्या जाणाऱ्या गाठीच्या कृमीचे इन्कॉग्निटा, जावानिका, अरेनारिया, हाप्ला असे वेगवेगळे प्रकार ठरविले. त्यापूर्वी बार्बर यांनी १९०१ साली दक्षिण भारतात चहाच्या मुळांवर हा कृमी नोंदला, तेव्हा त्याला नेमके काय म्हणावे हा प्रश्नच नीट उभा राहिला नव्हता.

न्यायसूत्रकार गौतमांनी शब्दाचा अर्थ काय याचा ऊहापोह करताना व्यक्ती, आकृती आणि जाती या तिन्ही मिळून पदाचा अर्थ होतो असा निर्णय दिला. प्राणिशास्त्राने नकळत हाच निर्णय आपल्या व्यवहारात उतरविला आहे असे मला वाटते. नवे नाव द्यायचे तर एक विशिष्ट नमुना काचपट्टीवर बसवून एखाद्या संग्रहालयात ठेवावा लागतो, ही झाली व्यक्ती. त्याची चित्रे आणि मापे छापावी लागतात, ही आकृती. आणि त्या नावाने पुढे सापडणाऱ्या, न पाहिलेल्या, अजून न जन्मलेल्याही सर्व कृमींचा निर्देश व्हावा अशी अपेक्षा असते, ही जाती. पहिल्या दोन गोष्टी कपाटात ठेवता येतात. तिसरीसाठी कपाट नाही, आणि वाद तेथेच सुरू होतो.

गेल्या शतकाच्या मध्यास अर्न्स्ट मायर यांनी मांडलेली आणि पाठ्यपुस्तकांत स्थिरावलेली व्याख्या अशी की, ज्यांचा परस्परांत संकर होऊन प्रजा होते आणि इतरांशी होत नाही तो समूह म्हणजे जाती. ही व्याख्या सिंहाला आणि मोराला लागू पडते. मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटाच्या दारात मात्र ती हात बांधून उभी राहते, कारण येथे विवाहच नाही तर सगोत्र-असगोत्राचा प्रश्न कसा निघावा? उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात किरणावलीत जातीला बाध आणणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या, त्यांतील पहिली म्हणजे व्यक्तीचा अभेद: जेथे एकच व्यक्ती आहे, जसे आकाश, तेथे जाती मानता येत नाही. आता एका मादीच्या बीजापासून, पित्यावाचून, पिढ्यानुपिढ्या उतरलेली आणि दुधना नदीच्या खोऱ्यातील शेताशेतांत पसरलेली संतती ही अनेक व्यक्ती म्हणावी की अनेक देहांत विखुरलेली एकच व्यक्ती? पूर्ण अभेद आहे असेही म्हणता येत नाही, कारण प्रतिकारक टोमॅटोवर पुनःपुन्हा वाढविलेल्या अशा वंशात त्या प्रतिकाराला न जुमानणारे कृमी निपजल्याचे प्रयोगात दिसले आहे. तरी उदयनांचा प्रश्न जिव्हारी लागणारा आहे, आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसणाऱ्या कोणालाही त्याचे सरळ उत्तर देता येणार नाही.

उदयनांचा दुसरा एक बाधक मला याहून अधिक नवलाचा वाटतो. त्याचे नाव संकर. पण हा रक्ताचा संकर नव्हे. दोन धर्म एकमेकांना सोडून स्वतंत्रपणे आढळतात आणि शिवाय कोठे तरी एकत्रही आढळतात, तेव्हा त्यांना जाती मानू नये, असे त्याचे स्वरूप आहे. आकाश भूत आहे पण मूर्त, म्हणजे मर्यादित परिमाणाचे, नाही. मन मूर्त आहे पण भूत नाही. पृथ्वी, जल, तेज आणि वायू भूतही आहेत आणि मूर्तही. म्हणून भूतत्व आणि मूर्तत्व या जाती नव्हेत, उपाधी, म्हणजे व्यवहारासाठी बाहेरून लावलेले धर्म, होत. आता हाच नियम हाती धरून नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील सॅसर यांनी १९७५ पासून अनेक देशांच्या सहकार्याने चालविलेल्या गाठीच्या कृमीच्या प्रकल्पाकडे पाहावे. तेथे कापूस, तंबाखू, मिरची, कलिंगड, भुईमूग आणि टोमॅटो यांचे ठरावीक वाण लावून, कोणत्या रोपावर कृमीची वाढ होते हे पाहत, आणि त्यावरून इन्कॉग्निटाचे चार वंश पाडले गेले. पहिला कापसावरही वाढत नाही आणि तंबाखूच्या त्या प्रतिकारक वाणावरही नाही; दुसरा तंबाखूवर वाढतो, कापसावर नाही; तिसरा कापसावर वाढतो, तंबाखूवर नाही; चौथा दोहोंवर वाढतो. दुसरा म्हणजे आकाश, तिसरा म्हणजे मन, चौथा म्हणजे पृथ्वी! किरणावलीतील उदाहरण आणि अमेरिकेतील तक्ता एकमेकांवर ठेवले तर रेघ चुकत नाही. उदयनांच्या न्यायालयात ही विभागणी पहिल्याच तारखेला खारीज झाली असती. तिकडेही, एंझाइमांचे पट्टे आणि पुढे जनुकांचे वाचन हाती आल्यावर, हे वंश आनुवंशिक नात्याशी जुळत नाहीत असे दिसले आणि ही विभागणी सोडून द्यावी असे तज्ज्ञांनीच सुचविले. नव्य नैयायिकांपैकी काहींनी संकर हा बाधकच मानू नये असे म्हटले आहे, हे न्यायबुद्धीने येथे नमूद केले पाहिजे. पण या खटल्यात तरी मी प्राचीनांच्या बाजूने आहे.

बौद्ध आचार्यांना ही सगळी फजिती पाहून मंद हसू आले असते. याच जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथील उपासकांनी सांची आणि भारहुत येथील स्तूपांना दाने दिल्याचे शिलालेख आहेत. त्यांच्या धर्मपरंपरेत कित्येक शतकांनी झालेल्या दिङ्नागाने जाती नावाची वस्तूच नाही, शब्दाने केवळ इतरांची व्यावृत्ती होते, असा अपोहाचा सिद्धांत मांडला. प्रयोगशाळेत ओळख पटविण्याची जी कुंजी वापरतात तिचा प्रत्येक टप्पा अपोहच असतो: मुखात सुई नाही, तर वनस्पतिभक्षक नव्हे; सुई आहे पण मादी फुगत नाही, तर मेलॉयडोगायनी नव्हे; रेषांची कमान उंच नाही, तर बहुधा इन्कॉग्निटा नव्हे. शेवटी जे उरते त्याला नाव मिळते. तथापि कुंजी रचणारा मनुष्य ती रचताना असे धरूनच चालतो की उरलेल्यात काही तरी खरोखर समान आहे. नुसत्या नकारावर कोणी आयुष्य वेचीत नाही. हात बौद्धाचे आणि श्रद्धा नैयायिकाची, अशी कृमिशास्त्रज्ञाची अवस्था मला दिसते आणि तिच्यात मला दोष दिसत नाही.

याच बौद्ध परंपरेतील धर्मकीर्तींनी यावर जी कसोटी दिली ती शेतकऱ्याच्या फार जवळची आहे: जे अर्थक्रियेला, म्हणजे काही कार्य घडवून आणायला, समर्थ ते सत्. जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या वेळी मोजणीदार साखळी टाकून सर्व्हे नंबर पाडीत असे. ती हद्द मातीने आखलेली नसते, परंतु महसूल तिच्यावर बसतो, फेरफार तिच्यावर होतो आणि तंटा निघाला तर पंचनामाही तिच्याच आधारे होतो. उपाधी असे म्हटल्याने ती खोटी ठरत नाही. चुकीच्या हद्दीची किंमत मात्र खरीखुरी मोजावी लागते. चीनमधील हैनान बेटावरून १९८३ साली वर्णिलेला मेलॉयडोगायनी एंटरोलोबी हा कृमी रेषांच्या आकृतिबंधात इन्कॉग्निटाशी इतका जुळतो की कित्येक ठिकाणी तो त्याच नावाखाली दप्तरी दाखल झाला. आणि जे टोमॅटोचे वाण इन्कॉग्निटाला दाद देत नाहीत ते याच्यापुढे गाठींनी भरून जातात. भारतात तो तामिळनाडूच्या पेरूबागांत ओळखला गेला. आता पेरूची कलमे प्रांताप्रांतांतून ट्रकने फिरत असताना, मुळांवरच्या गाठी पाहून जुन्याच नावाची चिठ्ठी देणे हा नामशास्त्राचा किरकोळ प्रमाद राहत नाही.

पुराणगणनेत चौऱ्यांशी लक्ष योनींपैकी अकरा लक्ष कृमींच्या वाट्याला दिल्या आहेत. सूत्रकृमींच्या आजवर वर्णन झालेल्या जाती काही दहा हजारांत मोजल्या जातात, त्यांत वनस्पतींवर जगणाऱ्या सुमारे चार हजार. न वर्णिलेल्यांचे अंदाज दहा लाखांपर्यंत जातात. हे दोन आकडे शेजारी मांडून काही सिद्ध होते असे मी म्हणत नाही. पुराणकाराने मोजणी केली नव्हती, आणि शास्त्रज्ञानेही अजून पुरती केलेली नाही. पण मोसंबीच्या बुडाची ओंजळभर माती भिंगाखाली आणली असता त्यातील कितीतरी कृमी मुळाला स्पर्शही न करणारे निघतात: कोणी जिवाणूंवर जगतो, कोणी बुरशीवर, आणि मोनोंकस नावाचा दातेरी कृमी तर इतर सूत्रकृमींनाच गिळतो. या सर्वांना एकाच नावाखाली ढकलून मातीत विष ओतले म्हणजे शत्रूबरोबर त्याचा शत्रूही मरतो.

जैनांच्या तत्त्वार्थसूत्राने कृमीला द्वींद्रिय जीवांत बसविले आहे, स्पर्श आणि रसना एवढीच इंद्रिये असणारा. डोळे नसलेल्या आणि डोक्याजवळच्या सूक्ष्म रंध्रांनी मुळाच्या स्रावाची चव घेत वाट काढणाऱ्या या जीवाचे ते वर्णन वाईट नाही. दशवैकालिक सूत्राचा आदेश असा की आधी ज्ञान आणि मग दया. जीव कोणता आणि अजीव कोणता हे ज्याला कळत नाही तो संयम पाळणार कसा? हा आदेश साधूसाठी आहे, नांगरधाऱ्यासाठी नाही, आणि शेती म्हटली की हिंसा अटळ आहे हे जैन आचार्यही जाणून होते. तरी प्रमाण राखण्याचा प्रश्न उरतोच, आणि तेथे जातीच्या नित्यत्वाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण मला दिसत नाही. निंबोळी पेंड किती घालावी, दोन हंगाम झेंडू लावावा की ज्वारी, मोसंबीसाठी खुंट रंगपूर लिंबाचा घ्यावा की जंबेरीचा, या प्रत्येक निर्णयाला उपाधीचे ज्ञान पुरते, पण ते नेमके लागते. म्हणून माती तपासून परत येणाऱ्या चिठ्ठीवर लॅटिन नावाखाली आणखी दोन ओळी असाव्यात असे मला वाटते: हा कृमी या शेतात आजवर कोणत्या पिकाच्या मुळांवर वाढलेला आढळला, आणि त्याच मातीत त्याला खाणारे कोण कोण सापडले.