शिकायचं कुणाच्या फ्रेमवर?

(माळ्यावरून उतरवलेली सेन-रॅले सायकलची फ्रेम; सायकल मामाच्या वडिलांची, नानांची. भाचीच्या हातात १२० नंबरचा पॉलिश पेपर. मामा निवृत्त फिटर.)

मामा : तो पेपर आधी खाली ठेव. गंज वरवरचा आहे की आत उतरलाय, ते बघितलंस?

भाची : बघितलं. नळ्या ठोकल्या, सगळीकडे खणखणीत वाजतात. पाणी उतरून पॅडलच्या कपापाशी साठतं, तिथेही पत्रा शाबूत आहे. घासून पावडर कोटिंगला देते. भट्टी २०० अंशांच्या आसपास असते, सांध्यांतलं पितळ वितळायला ९०० लागतात. भीती नाही.

मामा : सांध्यांची नाही. ती सोनेरी रेघ जाईल तिचं काय? सेन-रॅलेचा आसनसोलचा कारखाना सरकारने ताब्यात घेतला, पुढे बंदही पडला. आणि हे दांडीवर बघ. मी इथे बसून शाळेत जायचो, नाना मागून पॅडल मारायचे. माझ्या चड्डीने झिजलेला रंग आहे तो. तू तोच घासणार?

भाची : मग काय देव्हाऱ्यात ठेवायची?

मामा : चालव की! पुस, तेल दे, चाकं बसव. पण तू नवशिकी आहेस. रंग दुसरा देता येतो, तोच परत देता येत नाही.

भाची : शिकायचं कशावर मग? तू कशावर शिकलास?

मामा : आयटीआयमध्ये लोखंडाच्या तुकड्यावर कानस मारायला लावायचे. बिघडला की भंगारात, दुसरा घ्यायचा. तूही जुन्या बाजारातून एखादी फ्रेम आण.

(इथवर मी मामाच्या बाजूने होतो. जे पुन्हा मिळणार नाही त्यावर हात बसवायला जाऊ नये, हे कुठलाही कारागीर सांगेल.)

भाची : आणली आहे. जिन्याखाली आहे. सीटखालच्या नळीला नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला तारेने बांधलाय, दांडीखाली कुणीतरी खिळ्याने नाव कोरलंय. तिच्याही दांडीवरचा रंग झिजलाय, मामा.

मामा : ती वजनावर विकली जाणार होती. तुझ्यामुळे वाचली.

भाची : नानांचीही इतकी वर्षं माळ्यावर गंजतच होती. तीही माझ्यामुळेच खाली आली. मग तिला कोरा रंग दिला तर ती वाचली, असं का म्हणत नाहीस?

मामा : कारण ही माझ्या ओळखीची आहे.

भाची : म्हणजे नियम फिटरचा नाही, मुलाचा आहे.

मामा : असेल. मुलाने बापाच्या वस्तूला झुकतं माप द्यायचं नाही की काय?

भाची : दे ना. पण मग दुसऱ्याच्या बापाच्या सायकलीला लोखंडाचा तुकडा म्हणू नकोस.

(यावर मामा बराच वेळ बोलला नाही. मला तरी त्याच्यासाठी उत्तर सुचलं नाही. अनोळखी माणसाच्या आठवणीचं वजन भंगारवाल्याच्या काट्यावर होत नाही; पण हात बसवायचा तर कशावर तरी पेपर चालवावाच लागतो.)

मामा : आण ती जिन्याखालची. बिल्ला सोडवून डबीत ठेव. नावाच्या जागेवर चिकटपट्टी लाव, तिथे पेपर फिरवायचा नाही. आणि कोरडं घासू नकोस, पाणी घे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ नाकात जायला नको.

भाची : आणि दांडी?

मामा : दांडीचं नंतर भांडू. चिमट्यापासून सुरू कर.