ओले धान्य आणि गंजलेला पत्रा

आमच्याकडे एक जुनी विदेशी बनावटीची मोटार होती. साताऱ्यात ती घेतली तेव्हा तिचे वय 19 वर्षांचे होते. चामड्याच्या सीटा, दार लावताना होणारा तो दबका, भारदस्त आवाज! मोहल्ल्यात गाडी उभी राहिली की मुले भोवती जमत. मान गाडीला मिळतो आहे, आम्हांला नव्हे, हे कळूनही आम्ही सुखावत असू.

पुढे खड्ड्यांतून जाताना पुढच्या चाकाजवळ टकटक ऐकू येऊ लागली. मिरजेच्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर चढवली, खालून स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि तो सरळ आत गेला. कुणीतरी गंजावर पुट्टी भरून वर काळा रंग फासला होता. मिस्त्री म्हणाले, "भाईजान, शॉकअप, बुश, लोअर आर्म सगळं बदलता येतं. पण ज्या पत्र्यावर स्प्रिंग टेकते तोच गेलाय. त्याला काय बदलणार?"

2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी सांगलीकरांना एक गोष्ट शिकवली आहे. पाणी ओसरते, वरचा गाळ धुतला जातो. पण पोकळीत अडकलेला ओलावा आपले काम करीतच राहतो. झाकलेला गंज तर अधिकच सुखाने वाढतो.

मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, म्हणून गाडी विकायला काढली. वाईचा एक तरुण आला. लग्नात नवरदेवासाठी भाड्याने द्यायला त्याला अशीच गाडी हवी होती. त्याने गंजाविषयी विचारले नाही. आम्ही सांगावे काय?

1872 च्या भारतीय करार कायद्यातील कलम 17 मध्ये याला जुळणारे उदाहरण आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याला तो सदोष असल्याचे ठाऊक आहे. तो गप्प राहतो. ही फसवणूक नव्हे. मात्र घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे मौन निर्दोष ठरते ते समोरचा परका आहे म्हणून. पण परका कोण, हे कुणी ठरवायचे?

सहीह मुस्लिममधील एक प्रसंग आपणा सर्वांना परिचित आहे. बाजारातल्या धान्याच्या राशीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, आत ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. व्यापारी खोटे बोलला नव्हता. पाऊसही त्याने पाडला नव्हता. त्याने फक्त कोरडे धान्य वर ठेवले होते. आणि त्याचे गिऱ्हाईक त्याची मुलगी नव्हती. बाजारातला कुणीही होता.

आम्हांलाही कुणी फसवले होतेच, हा विचार मनात आला नाही असे नाही. परंतु आपल्याला लागलेला चटका पुढच्याच्या हातावर ठेवणे, हा न्याय नव्हे. आम्ही त्या तरुणाला चाकाजवळ नेऊन सारे दाखवले.

तो हसून म्हणाला, "चाचा, स्वस्तात द्या. मी पुट्टी मारून घेतो."

येथे आम्ही खरे अडलो. सांगून टाकले, आता आपले हात स्वच्छ, असे म्हणता आले असते. पण पसरणीच्या घाटात मागच्या सीटवर नवरा-नवरी बसतील, त्यांना कोण सांगणार? घेणाऱ्याने दोष पत्करला तरी जीव त्यांचा पणाला लागणार. सत्य सांगण्याने आमची सुटका होत होती. त्यांची होत नव्हती.

गाडी शेवटी भंगारात गेली. फीसाठी भावाकडून उसने घेतले. ते अजून फिटायचे आहेत. यात आम्ही फार मोठे काही केले, असे नाही. त्या दिवशी मिस्त्रींनी टोचून पाहिले नसते तर आम्ही तीच गाडी निर्धास्तपणे विकली असती. म्हणून वाटते, विकण्यापूर्वी आपल्या राशीत आपणच एकदा हात घालून पाहावा.