ईश्वराचा डोळा कोणाच्या बाजूला?

प्रतिस्पर्ध्याचे विडंबन करताना ईश्वराला साक्षीला बोलवावे काय, आणि बोलवलेच तर त्याला कोठे बसवावे, हा प्रश्न नीतिविचाराइतकाच अध्यात्माचाही आहे. कारण निंदा, म्हणजे दुसऱ्याला हीन ठरवण्यासाठी त्याचे दोष उच्चारणे, संतांनी त्याज्य मानली असली, तरी उपहासाचे शस्त्र त्यांनी म्यान करून ठेवलेले नाही. पैठणचे एकनाथ (१५३३–१५९९) यांनी ते विशेष कौशल्याने चालवले.

त्यांची 'हिंदु-तुर्क संवाद' ही रचना भारुडांत गणली जाते. भारूड म्हणजे लोकजीवनातले एखादे सोंग किंवा प्रसंग घेऊन त्यावर परमार्थाचे रूपक उभारणारा, गाऊन-नाचून सादर होणारा काव्यप्रकार. येथे दोन धर्मांचे कैवारी समोरासमोर येऊन एकमेकांची लक्तरे काढतात: तुर्क, म्हणजे त्या काळच्या बोलीत मुसलमान, हिंदूच्या दगडी मूर्तींना हसतो, तर देव सर्वत्र असताना पश्चिमेकडेच तोंड का करता आणि मृतांवर दगड रचून त्यांना का भजता, असे हिंदू त्याला विचारतो. भांडण पुरते पेटल्यावर, देव एकच असून वाद केवळ बाह्य आचारांचा होता, हे दोघांना उमगते आणि ते एकमेकांना आलिंगन देतात. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी मुसलमानी राज्यात देवगिरीच्या किल्ल्याचा कारभार पाहत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे हा समेट निव्वळ कविकल्पना वाटत नाही. अर्थात तुर्काच्या तोंडचे शब्दही एका ब्राह्मणानेच लिहिले आहेत, तेव्हा तराजू अगदी समतोल होता असे म्हणण्याचे धाडस करू नये.

अमेरिकेत १८०० साली जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन यांच्यात अध्यक्षपदासाठी जी झुंज झाली, तिच्या आगेमागे निघालेले एक व्यंगचित्र यासमोर ठेवण्याजोगे आहे. त्यात जेफरसन फ्रेंच हुकूमशाहीच्या वेदीपुढे गुडघे टेकून अमेरिकेची राज्यघटना अग्नीत टाकू पाहतो, गरुड ती त्याच्या हातून हिसकावतो आणि वरून ईश्वराचा डोळा हे सारे पाहतो. जेफरसन सृष्टिकर्ता मानत असे, परंतु चमत्कार मानत नसे. एवढ्यावरून विरोधकांनी त्याला नास्तिक ठरवले होते. पुढे १८२८ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सनविरुद्ध शवपेट्यांची काळी चित्रे छापलेली पत्रके वाटली गेली, पण तेथे निदान देवाला प्रचाराला जुंपलेले नव्हते. जेफरसनच्या चित्रातला तो डोळा मात्र साक्षीचा उरलेला नाही. साक्षी म्हणजे वेदान्ताच्या परिभाषेत जो पाहतो परंतु पक्ष घेत नाही तो, आणि येथे तर निकाल आधीच लागला आहे.

अद्वैताच्या दृष्टीने, म्हणजे सर्वांच्या ठायी एकच आत्मतत्त्व आहे असे मानणाऱ्या विचाराने, अडचण याहून खोल जाते, कारण ज्याला हसायचे त्याच्यातही तेच तत्त्व असेल, तर हसणारा वेगळा कोठे उभा राहणार? एकनाथांनी ही अडचण सोंगातून हाताळली. त्यांच्या भारुडांत जोशी, वाघ्या, गोंधळी, बहिरा आणि मुका हे बहुधा स्वतःच्याच तोंडाने बोलतात, त्यामुळे ते सादर करणाऱ्याला आधी ते सोंग अंगावर चढवावे लागते, आणि श्रोते हसतात ते त्याच्याच चेहऱ्याकडे पाहून.