खलाचे चित्र कसे असावे?

कुंभकोणम्-तंजावर प्रांतातील मेलट्टूर ग्रामी नृसिंहजयंतीस भागवतमेळ्यात ‘प्रह्लादचरित्र’ होते. हे तेलुगु नाटक वेंकटराम शास्त्र्यांनी तंजावरच्या मराठे राजांच्या काळात रचिले. त्यातील हिरण्यकशिपु विदूषक नव्हे, तेजस्वी सम्राट् आहे. दैत्यास असे मोठेपण द्यावे काय? माझ्या मते अवश्य द्यावे. क्षुद्र खलास हसून प्रेक्षक निर्धास्त घरी जातो. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दर्प, अभिमान त्यास परक्याचे वाटतात. येथे मात्र पुत्रवत्सल पिताच समोर उभा राहतो. पुत्राने माझ्याहून थोर कोणास मानू नये, एवढाच त्याचा हट्ट! हा हट्ट कोणत्या गृहस्थाघरी नाही? भागवतातील त्याची क्रोधवचने मराठीत उतरवीत असता ती मजला फारच सहज सुचू लागली. आदल्याच रात्री मी मुलास तसेच बोललो होतो.