तुलाधाराचं दुकान

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची गोष्ट येते. तो इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटं बांधलं, अंडी घातली आणि पिल्लं उडून जाईपर्यंत हा हलला नाही. आपण धर्म साधला अशी घमेंड चढली तेव्हा त्याला ऐकावं लागलं की वाराणसीच्या तुलाधार वाण्याची सर त्याला नाही. जाजली काशीला पोचतो, तर तुलाधार दुकानात माल विकत बसलेला. रस, सुगंधी द्रव्यं, लाकूड, गवत असा त्याचा माल. मद्य तेवढं वर्ज्य. धर्म कशात आहे, हे तो दुकानाच्याच भाषेत सांगतो: दुसऱ्यांकडून माल घेतो, कपट न करता विकतो आणि माझा तराजू सगळ्यांना सारखा. ही गोष्ट आपल्याला आवडते, पण मनातून पटलेली नसते. आपल्याकडे धंदेवाल्याचा धर्म गल्ला बंद झाल्यावर सुरू होतो. देवळाला देणगी, पाणपोईवर आजोबांचं नाव, गणपतीच्या वर्गणीत ठसठशीत आकडा. दिवसभरात जे मापलं, विकलं, उधार दिलं, ते धर्माच्या खात्यात धरायचंच नाही. मला हा हिशेब उलटा वाटतो. आपल्या वस्तीत काय नाही ते ओळखून कुणी छोटा धंदा मांडतो, तेव्हा धर्माची कसोटी तिथेच, तराजूपाशी लागते. देणगीला तिथली चूक पुसता येत नाही.

मुंबईच्या गिरणगावातली खाणावळ घ्या. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. जिथे अंथरुणाला जागा नाही तिथे प्रत्येकाची चूल कुठून असणार? ही उणीव शेजारपाजारच्या बायकांनी भरली. किराणा उधारीवर, अडलं तर सावकाराचं व्याज, आणि जेवणाचे पैसे हाती येणार गिरणीचा पगार झाल्यावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. पण इथे पैशाआधी दुसरी एक गोष्ट दिसते. कोण रात्रपाळीला आहे, कुणाला किती भाकरी लागतात, कुणाचं पोट बिघडलंय, हे ध्यानात ठेवल्याशिवाय खाणावळ महिनाभरही चालत नाही. अध्यात्मात ज्याला अवधान म्हणतात ते इथे धंद्याचं भांडवल आहे. उणीव कधी कधी गिऱ्हाइकाची नसून करणाराचीच असते, हेही विसरू नये. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभी राहिली. गिरगावात पापडाचा दुष्काळ पडला नव्हता. घर सोडता न येणाऱ्या बाईला चार पैसे मिळवायची सोय नव्हती, ती त्यांनी केली. आजही पीठ केंद्रात मळलं जातं आणि बायका ते घरी नेऊन लाटतात.

यावर कुणीही विचारील की सावकारही उणीवच भरतो ना? भरतो. उन्हाळ्यात मराठवाड्यातला टँकरवालाही भरतो. मग तुलाधारात आणि त्याच्यात फरक काय? माझ्या मते फरक यातच आहे की त्या उणिवेचं पुढे काय व्हावं असं धंदेवाल्याला मनातून वाटतं. गावाला नळ आला तर जो हळहळेल, तो उणीव पोसणारा. भूक रोज लागते म्हणून खाणावळवाली तिची गुन्हेगार ठरत नाही. ताटावरून उठलेला माणूस तृप्त असतो. सावकाराकडून उठलेला माणूस आणखी बांधलेला असतो. परंपरा सांगते की तुकारामांनी घरातले कर्जरोखे बाहेर काढले, निम्मे भावाला दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. त्याला सहसा वैराग्य म्हणतात. मला त्यात एका वाण्याच्या पोराचा नेमका हिशेब दिसतो. भावाचा वाटा त्यांनी बुडवला नाही. दुसऱ्याच्या हक्काला हात न लावता आपल्यापुरतं ऋणको-धनकोचं नातं तोडलं.

नफा आला की सेवा बाटली, हा आक्षेप जुना आहे आणि मला तो फारसा वजनदार वाटत नाही. निष्काम म्हणजे तोट्यात चालवणं नव्हे. सहा महिन्यांत बंद पडणारी खाणावळ कुणालाच जेवू घालत नाही. तुलाधारही माल फुकट वाटत नव्हता.

खरा अवघड आक्षेप बलुतेदारीचा. जुन्या गावात उणीव ठेवलीच नव्हती: लोहार, सुतार, न्हावी, कुंभार, प्रत्येकाचं काम ठरलेलं, सुगीला धान्याचा वाटा ठरलेला. तरीही या व्यवस्थेला धर्म म्हणवत नाही, कारण गावाची गरज भागवताना तिने माणूस जन्मतःच कामाला बांधून टाकला. ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्वच्छ मांडलं. महार वतनाविरुद्ध ते लढले ते याचसाठी: गावकीची कामं उरकत होती, पण ती करणाऱ्याला नाही म्हणायची मुभा नव्हती. तेव्हा तराजूच्या एका पारड्यात गावाची गरज असेल, तर दुसऱ्यात करणाराची मर्जी हवी. तुलाधाराची समता गिऱ्हाइकापुरती ठेवली तर ती अर्धीच.

एवढं मान्य करूनही या धर्माची एक हद्द उरते. जिथे एसटी पोचत नाही किंवा वेळेवर येत नाही, तिथे पश्चिम महाराष्ट्रात वडापची, म्हणजे माणशी भाड्याची खासगी जीप धावते. तिची थट्टा पुष्कळ होते, पण बाजाराच्या दिवशी तिच्यावाचून अडतं. मात्र जीप भरल्याशिवाय हलत नाही. वरच्या वाडीवर दवाखान्याला निघालेली एकटी म्हातारी तिच्या हिशेबात बसत नाही, आणि त्यासाठी ड्रायव्हरला अधर्मी म्हणता येणार नाही. डिझेल त्यालाही विकतच घ्यावं लागतं. म्हणून वडाप चालू आहे हे एसटीची फेरी बंद करायचं कारण होऊ शकत नाही. त्या म्हातारीचं भाडं सगळ्या तालुक्याने मिळून भरायचं असतं, आणि त्यालाच कर म्हणतात.