बसलेले पाटे

जुन्या मोटारीचे मागचे कमानपाटे थकले म्हणजे गॅरेजातला मिस्त्री ‘पाटे बसले’ असे म्हणतो. ‘तुटले’ आणि ‘बसले’ या दोन शब्दांत त्याने केवढा भेद करून ठेवला आहे! तुटलेला पाटा मालकाला निदान खाली वाकून पाहायला लावतो. बसलेला पाटा काहीच बोलत नाही. गाडी चालत राहते. मागून किंचित खचलेली, खड्डा आला की बूड आपटणारी. सोसणाऱ्याचे थकणे असेच बिनआवाजी असते. म्हणून सोशिकपणाविषयी काही विचारायचे झाल्यास ते या पोलादी पट्ट्यांना विचारावे, असे मला वाटते.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनी गाड्यांनी मुंबईत टॅक्सी म्हणून कित्येक वर्षे ओझी वाहिली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या कामातून कायमची रजा घेतली. या गाडीच्या पुढच्या चाकांना वेटोळ्यांच्या स्प्रिंगा, मागे मात्र घोडागाडीच्या काळापासून चालत आलेले कमानपाटे. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. गाडीचा सांगाडा त्याच्याच दोन टोकांना जोडलेला. त्याच्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे इतर पाटे. भार आला की सारी चवड वाकते, एकमेकांवर घासते, आणि त्या घासण्यानेच गाडीची उसळी शमते. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना ही रचना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगेचा नियम प्रसिद्ध केला. जेवढा भार तेवढे वाकणे, हे त्याचे सार. पण हा नियम एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. ती ओलांडली की भार उतरल्यावरही पोलाद पूर्वस्थितीला येत नाही. वर्षानुवर्षांच्या ओझ्यानेही कमान हळूहळू सपाट होते. आपण सोशीक माणसाचे गोडवे गातो तेव्हा या नियमाचा पूर्वार्ध तेवढा म्हणतो आणि उत्तरार्ध सोयीस्करपणे विसरतो.

कोणी म्हणेल, सोसणे हाच तर पाट्याचा धर्म! खरे आहे. जो वाकतच नाही तो पाटा कसला? तो नुसता लोखंडाचा दांडा. त्यावर बसून प्रवास करणाऱ्याची हाडे खिळखिळी व्हायची. परंतु जो वाकून परतत नाही, तोही पाटा राहिलेला नसतो. पाट्याचा गुण वाकून पुन्हा परतण्यात आहे. माणसाचे सोसणेही तोवरच सद्गुण, जोवर ओझे उतरल्यावर त्याला स्वतःकडे परत येता येते. त्यापुढे त्याला सद्गुण म्हणणे ही बसणाऱ्यांची सोय होय.

मग ही मर्यादा ओळखायची कोणी? पाटा सांगत नाही. गाडीत बसलेल्यानेच खाली उतरावे लागते. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करून दोन्ही बाजूंची उंची मोजावी लागते. रिकाम्या गाडीतच खरे खचणे दिसते. घरातही तसेच. चार दिवसांच्या सणात सारे घर हसत असताना, हातातले काम संपल्यावरही जिच्या चेहऱ्यावरची ओढ उतरत नाही, तिच्याकडे एकदा नीट पाहावे.

उपायांतही तारतम्य हवे. बसलेला पाटा नुसता ठोकून पुन्हा वाकवला तर काही दिवस कमान दिसते आणि मग तो पुन्हा बसतो. नुसत्या कौतुकाची हीच गत. एकाच बाजूचा संच बदलला तर गाडी दुसऱ्या अंगाला कलते. म्हणून जाणता मिस्त्री दोन्ही बाजूंचे पाटे जोडीने बदलतो. सासूचा भार उतरवून सुनेवर टाकणाऱ्या घराने हा न्याय ध्यानात ठेवावा. आणि एक बारकावा: टोकांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी वर उचललेली असताना अखेरचे आवळायचे नसतात. ती चाकांवर उतरून स्वतःचे वजन पेलू लागली, की मगच आवळायचे. एरवी रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. माणसांमधल्या करारांचेही असेच आहे. ओझे हवेत असताना दिलेली वचने ते जमिनीवर आल्यावर पिळवटतात.

दृष्टान्त येथे संपतो, कारण आई, वडील, थोरला भाऊ बदलून नवे बसवता येत नाहीत. पाट्याला जे मिळते ते त्यांना मिळणार नाही. म्हणूनच त्यांच्या बाबतीत आपली जबाबदारी अधिक मोठी. गॅरेजात बसलेल्या पाट्यावर इलाज आहे. घरात तो बसण्यापूर्वीच आपण उतरून काही अंतर पायी चालले पाहिजे.