धृतराष्ट्राचें आसन

खेळांकडे गंभीरपणें पाहणें हें आमच्या पिढीच्या शिक्षकांना थोडेसें कमीपणाचें वाटतें. परीक्षेच्या दिवसांत मुलगा पत्त्यांच्या डावांत किंवा संगणकापुढें सांपडला कीं त्याला चार शब्द सुनवावे आणि आपण आपल्या वाचनाकडे वळावें, एवढाच आमचा खेळांशीं संबंध. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मात्र हा संबंध मला वाढवावा लागला. माझा पुतण्या महिनाभर आमच्याकडे राहावयास आला होता. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एके रात्रीं जेवणानंतर दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला, आणि रशियावरील जर्मन स्वारी कां फसली ह्याचें मीं शिक्षकाच्या संवयीनें ठराविक उत्तर दिलें: थंडी. त्यावर तो अदबीनें म्हणाला, "काका, थंडी रशियनांनाही होतीच कीं. सैन्य जसजसें पुढें जातें तसतशी त्याची आगगाडी मागें राहते. जर्मन सैन्याला आधीं थांबविलें तें आगगाडीनें." मग कोठार रणभूमीपासून किती दूर असावें, मालमोटारी किती लागतात, तेल संपलें म्हणजे रणगाड्याचा कसा नुसता लोखंडी पेटारा होतो, ह्यावर तो अर्धा तास बोलला, आणि त्यांतील एकही विधान मला खोडतां आलें नाहीं. हें कोणत्या पुस्तकांत वाचलेंस, असें विचारतां तो हसला. पुस्तक नव्हतेंच, तो एक खेळ होता.

त्या खेळाचें नांव 'हार्ट्स ऑफ आयर्न ४'. स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स ह्या मंडळीनें तो ६ जून २०१६ रोजीं, म्हणजे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलें त्या तारखेस, बाजारांत आणला. ज्या वाचकांनीं असे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. पडद्यावर सगळ्या पृथ्वीचा नकाशा येतो. आरंभाची तारीख १ जानेवारी १९३६ किंवा १४ ऑगस्ट १९३९, ह्यांपैकीं हवी ती घ्यावी. देशही हवा तो घ्यावा. त्या देशाचा सारा कारभार मग आपल्या हातीं. किती कारखाने नागरी मालासाठीं ठेवावे आणि किती बंदुकांसाठीं, पोलाद व रबर कोणाकडून आणावें, कोणत्या संशोधनावर वर्ष खर्चावें, कोणाशीं तह आणि कोणाशीं कलह, आणि युद्ध पेटल्यावर कोणती पलटण कोणत्या नदीच्या कांठीं उभी करावी, हें सर्व एकट्यानें ठरवावयाचें. उरलेले देश संगणक चालवितो, किंवा दूरदूरच्या गांवीं बसलेले दुसरे खेळाडू. घड्याळ तासातासानें पुढें सरकतें आणि वाटेल तेव्हां थांबवितां येतें. ही शेवटची सोय चर्चिल किंवा स्टालिन ह्यांना नव्हती, हें विसरूं नये.

ह्या खेळाचे गुण मोठे आहेत आणि ते मोकळेपणानें कबूल केले पाहिजेत. शाळेतल्या इतिहासांत युद्ध म्हणजे शूरांची यादी आणि तहांच्या तारखा. ह्या खेळांत युद्ध म्हणजे आधीं लोखंड, रबर आणि रूळ. १९४० सालीं फ्रान्स पडलें ही गोष्ट आम्हांला सूर्योदयाइतकी अटळ वाटते, कारण आम्ही ती घडून गेल्यानंतर वाचली. खेळणाऱ्या मुलाला कळतें कीं ती अटळ नव्हती, कोणीतरी चुकलें आणि कोणीतरी धाडस केलें. भूतकाळाला त्याचा अनिश्चितपणा परत देणें हें फार थोड्या इतिहासकारांना साधतें. शिवाय खेळ खोटें बोलत नाहीं. खोटें बोलतो तो खेळणारा. मे १९४२ मध्यें जपानी आरमारानें मिडवे बेटावरील स्वारीची पटावर तालीम घेतली. फांशांच्या कौलानें आकागी आणि कागा ह्या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. तालमीवर देखरेख करणारे ॲडमिरल उगाकी ह्यांना हा निकाल रुचला नाहीं. त्यांनीं बाँबचे नऊ आघात खोडून तीन केले, आणि बुडालेली कागा पुढच्या डावांत पुन्हां पाण्यावर तरंगूं लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यांत त्या दोन्ही नौका आणि त्यांच्या जोडीच्या आणखी दोन खरोखरीच समुद्राच्या तळाशीं गेल्या.

दोषही आहेत. संगणक चालवितो ते देश पुष्कळदां शतमूर्खासारखे वागतात. नियम इतके आहेत कीं पहिला आठवडा केवळ पराभवांत जातो. आणि मूळ खेळ विकत घेतल्यावर त्याचीं परिशिष्टें वर्षानुवर्षें निराळे पैसे देऊन घ्यावीं लागतात, ज्या व्यवहारापुढें आमचे पाठ्यपुस्तकांचे प्रकाशकही बाळबोध ठरतील. परंतु हे दोष कारागिरीचे झाले. मला बोलावयाचें आहे तें निराळ्याच गोष्टीविषयीं.

नाझी राजवटीनें सुमारे ६० लाख यहुद्यांचा संहार केला. १९३६ पासून पुढची जर्मनी जींत आहे अशा ह्या खेळांत त्या संहाराचा मागमूसही नाहीं. जर्मनीच्या निशाणावर स्वस्तिक देखील नाहीं. कर्त्यांनीं ही गोष्ट समजून उमजून गाळली आहे. प्रथम मला हें इतिहासाचें खोटें साक्षीपत्र वाटलें, आणि मीं पुतण्याला तसें बोलूनही दाखविलें. रणगाड्याच्या पत्र्याची जाडी ज्यांना मोजतां येते त्यांना छळछावण्या तेवढ्या दिसूं नयेत? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, तें खेळांत घातलें तर त्याचें एक बटण करावें लागेल. आणि बटण केलें कीं कोणीतरी तें दाबणारच." ह्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं. जी गोष्ट पर्याय म्हणून पुढें ठेवणें हाच अपराध आहे, ती गाळण्यांत सभ्यपणा आहे हें मला पटलें.

पण एक प्रश्न मिटला कीं दुसरा उभा राहतो. जिंकलेल्या मुलखाचा कारभार कसा करावा ह्याचे ह्या खेळांत निरनिराळे कायदे आहेत. सौम्य आहेत तसे कठोरही आहेत. वेठबिगारीचा आहे, आणि ज्याच्या नांवांतच निर्दय दडपशाही आहे असाही एक आहे. प्रत्येकापुढें आंकडे असतात: माल किती मिळेल, माणसें किती मिळतील, लोकांचा प्रतिकार किती वाढेल किंवा दबेल. म्हणजे क्रौर्य ह्या पटावरून हद्दपार झालेलें नाहीं. त्याला केवळ जमाखर्चाच्या भाषेंत बोलण्याची अट घातली आहे. अमुक करणें परवडेल काय, हा प्रश्न खेळ घटकोघटकीं विचारतो. अमुक करणें योग्य काय, हा एकदांही विचारीत नाहीं. आणि एक महापातक सभ्यपणानें गाळल्यामुळें उरलेला जमाखर्च जणूं पुरा आहे असा भास होतो.

असले खेळ मुलांना क्रूर करतात अशी ओरड मी करणार नाहीं, कारण मला ती खरी वाटत नाहीं. एच. जी. वेल्स ह्यांनीं १९१३ सालीं खेळण्यांतल्या शिपायांच्या लढायांवर पुस्तक लिहून मोठ्या युद्धापेक्षां हें छोटें युद्ध बरें अशी वकिली केली. पुढच्याच वर्षीं मोठें युद्ध आलें, पण तें कांहीं शिशाच्या शिपायांनीं आणलें नव्हतें. माझी शंका क्रौर्याची नाहीं. ती कशाची आहे हें मला स्वतः खेळून पाहिल्यावर कळलें.

होय, मी खेळलों. पुतण्याच्या मार्गदर्शनाखालीं मीं ब्रिटिश हिंदुस्थानचा कारभार हातीं घेतला. पहिले दोन दिवस केवळ फजितीचे गेले, नंतर हात बसला. सैन्यभरतीचे कायदे पायरीपायरीनें चढत जातात; केवळ स्वेच्छेनें येणाऱ्यांची पायरी लोकसंख्येच्या दीड टक्क्याची आणि शेवटची पंचवीस टक्क्यांची. ह्या शेवटच्या पायरीचें इंग्रजी नांव पिंपाचा तळ खरवडण्यावरून पडलें आहे. आमच्या घरीं दुधाच्या भांड्याची खरवड मुलांच्या वांट्याला येते. येथें खरवडींत मुलेंच येतात. पलटणीबरोबर इस्पितळाचें पथक जोडतां येतें, आणि त्याचा उपयोग असा कीं जखमींपैकीं कांहीं हिस्सा पुन्हां मनुष्यबळाच्या सांठ्यांत जमा होतो. पोलाद, तेल, रबर, ॲल्युमिनियम ह्यांचे रकाने आहेत. धान्याचा रकाना नाहीं. १९४३ सालीं ज्या बंगालमध्यें २० ते ३० लाख माणसें दुष्काळानें आणि त्यामागून आलेल्या रोगराईनें मेलीं, त्या बंगालचा कारभार मीं रात्रभर पाहिला आणि तेथील तांदळाची मला एकदांही आठवण झाली नाहीं. आठवण होण्याचें कारणच नव्हतें.

तिसऱ्या रात्रीं माझ्या पलटणी इटलींत होत्या. एका डोंगराळ भागावर मीं घाईनें हल्ला केला आणि तो फसला. तीन हजारांवर माणसें गेल्याचा आंकडा पडद्यावर आला. त्या वेळीं मला काय वाटलें तें प्रामाणिकपणें सांगतों. दुःख झालें नाहीं. चीड आली, आणि तीही खोळंब्याची; कारण आतां नवी भरती होऊन ती शिकून तयार होईपर्यंत माझा पुढचा बेत लांबणार होता.

दुसरे दिवशीं सकाळीं चहा घेतांना माझें लक्ष बैठकींतल्या एका तसबिरीकडे गेलें. ती माझ्या आजीच्या धाकट्या भावाची आहे. मामाआजोबा पांचव्या मराठा पलटणींत होते आणि १९४४ च्या उन्हाळ्यांत इटलींत पडले. वय चोवीस. आजीनें त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षें काढलीं आणि राखीपौर्णिमेच्या दिवशीं ती कधीं गोड खात नसे. कां, असें आम्हां मुलांपैकीं कोणी विचारीत नसे. ही तसबीर मीं रोज पाहतों. आदल्या रात्रीं, तिच्यापासून पंधरा पावलांवर बसून, मीं इटलींतली तीन हजार माणसें खोळंबा म्हणून मोजलीं.

महाभारतांत संजयाला दिव्य दृष्टि मिळाली होती आणि धृतराष्ट्राला सिंहासन. दूर हस्तिनापुरांत बसून अंध राजा ऐकत होता, आज कोण पडला आणि कोणाची फळी फुटली. ह्या खेळांत दोन्ही गोष्टी एकाच माणसाला मिळतात: डोळे संजयाचे आणि आसन धृतराष्ट्राचें. परंतु धृतराष्ट्राची तेथेंच सुटका झाली नाहीं. युद्ध संपल्यावर त्याला उठून, गांधारीला आणि सुनांना बरोबर घेऊन, कुरुक्षेत्रावर जावें लागलें. आणि त्या बायकांनीं आपापलीं माणसें तुटलेल्या अवयवांवरून ओळखलीं. व्यासांनीं स्त्रीपर्वाच्या आधीं शांतिपर्व लिहिलें नाहीं. ह्या खेळांत युद्ध संपतांच तहाची परिषद भरते, ज्यानें जेवढा पराक्रम केला तेवढे गुण त्याच्या खात्यांत मांडले जातात, आणि त्या गुणांच्या मोबदल्यांत प्रांत वांटून घेतले जातात. मधलें पर्व नाहीं.

ह्यावर सुज्ञ वाचक म्हणतील, बुद्धिबळांत तरी तें कोठें आहे? प्याद्याला आई नसते. बरोबर आहे, पण बुद्धिबळ कोणत्याही गांवाचें नांव घेत नाहीं. ह्या खेळाची सगळी गोडी स्टालिनग्राड, डंकर्क, इंफाळ ह्या नांवांत आहे, आणि त्या नांवांना जें वजन आलें तें मेलेल्यांमुळें आलें. तें उसनें घेतलेलें आहे. चीनच्या सरकारनें ह्याच मालिकेतल्या पहिल्या खेळावर २००४ सालीं बंदी घातली, ती तिबेट आणि मांचुरिया निराळे देश दाखविले म्हणून. नकाशाच्या रंगाबद्दल सरकारें भांडतात. उसनवारीची तक्रार कोणी करीत नाहीं.

आणखी एक आक्षेप आहे, तो माझ्यावरच. तीस वर्षें मी वर्गांत शिकवीत आलों आहें कीं दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्य वाढत वाढत २५ लाखांच्या घरांत गेलें. बंगालच्या दुष्काळालाही मी एक वाक्य देतों, मुलें तें वहींत उतरून घेतात आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळतों. माझें व्याख्यान तरी कोणाच्या आसनावरून चालतें? फरक एवढाच कीं माझ्या विद्यार्थ्यांना त्या वाक्याबद्दल विजय मिळत नाहीं, फार तर दोन गुण मिळतात. पुतण्यानें हा आक्षेप घेतला नाहीं. तो माझा मलाच सुचला आणि त्यानें मला खेळापेक्षां अधिक अस्वस्थ केलें. तेव्हां खेळूं नकोस असें मीं त्याला सांगितलें नाहीं. तसबिरीची हकीकत मात्र सांगितली, आणि आदल्या रात्रीच्या माझ्या चिडीचीही.

सुटी संपण्याच्या आदल्या दिवशीं संध्याकाळीं तो माझ्या खोलींत आला. "काका, मामाआजोबा कोणत्या भागांत होते?" मला नक्की ठाऊक नव्हतें. आमच्या घरच्या कागदांत फक्त इटली एवढेंच आहे. त्याच उन्हाळ्यांत, १० जुलै १९४४ रोजीं, त्याच पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचा नाईक यशवंत घाडगे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेवढें मीं सांगितलें. पुतण्यानें संगणक उघडला, चालू असलेला डाव कीबोर्डावरची लांब कळ दाबून थांबविला, आणि नकाशावर टायबरच्या उगमाकडचा भाग शोधून काढला. त्या तुकड्यावर बाण नेला कीं त्याची माहिती येते. प्रदेश डोंगराळ, रस्ते मध्यम. आम्ही दोघे तें वाचीत असतांना स्वयंपाकघरांतून पानें वाढल्याची हांक आली. त्यानें डाव तसाच थांबलेला ठेवला आणि आम्ही जेवावयास गेलों.